ड्रॅगन, पऱ्या आणि प्रेमप्रकरणं : काय वाचलं, काय अर्ध्यात सोडलं? (अनुभव धागा)

धागाकर्ती

इंग्रजी पुस्तकांच्या कुठल्याही मोठ्या दुकानात शिरलं की हल्ली पुढचंच टेबल या कादंबऱ्यांनी अडवलेलं असतं. सोनेरी वेलबुट्टीची मुखपृष्ठं, पानांच्या कडा रंगवलेल्या, नावात हमखास राख, रक्त, काटे नाहीतर मुकुट. टिकटॉक आपल्याकडे २०२० मध्ये बंद झालं, पण तिथला बुकटॉक, म्हणजे पुस्तकांवरच्या व्हिडिओंचा सुळसुळाट, इन्स्टाच्या रील्समधून आलाच, आणि त्याच्यामागोमाग ही रोमँटसी. जादूचं राज्यही हवं, लव्हस्टोरीही हवी, आणि दोन्ही पोटभर.

मी यातलं बरंच वाचते आणि बरंच अर्ध्यात टाकूनही देते. टाकायचं की ठेवायचं हे ठरवायला माझी एक कसोटी आहे. जादू काढून घेतली तर ती लव्हस्टोरी जशीच्या तशी चालेल का? चालत असेल तर जादू म्हणजे नुसता मागे टांगलेला पडदा. रिबेका यारोसचं 'फोर्थ विंग' (२०२३) घ्या. भाषा घाईची. युद्धशाळेतली पोरं आजच्या अमेरिकन कॉलेजात असल्यासारखी बोलतात, आणि नायक झेडन किती देखणा आहे याची आठवण आपल्याला सारखी करून दिली जाते. तरी मी ते हातातून सोडलं नाही. कारण नायिका व्हायोलेटचा ड्रॅगन टेर्न आणि झेडनची ड्रॅगन ही जोडी आहे. त्या दोघांना एकमेकांपासून फार काळ लांब राहवत नाही, म्हणून त्यांच्या स्वारांनाही राहता येत नाही. म्हणजे जो आपल्या जिवावर उठेल असं व्हायोलेटला वाटतं, त्याच्याशीच तिचा जीव बांधला गेला. ड्रॅगन काढा, गोष्टच उरत नाही. पुढचा भाग 'आयर्न फ्लेम' त्याच वर्षी आला. त्यात मात्र 'तू मला आधी का नाही सांगितलंस' हे एकच भांडण इतकं चाललं की मी पानं चाळायला लागले.

तुम्ही अलीकडे काय वाचलंत, कुठे रमलात, कुठे वैतागलात ते लिहा. नुसतं 'मस्त आहे' नको. आणि शेवट फोडू नका, प्लीज.

लोकलवाली

कसोटी वगैरे ठीक आहे ताई, पण मी डोंबिवलीहून उभ्याने येते, एका हातात किंडल, दुसऱ्या हातात कडी. मला पहिल्या प्रकरणातच कळलेलं असतं की हे दोघं एकमेकांचे वैरी आहेत म्हणजे शेवटी यांचं जुळणार. मला तेच हवं असतं! आमच्या ऑफिसातले पुरुष थ्रिलर वाचतात. बॉम्ब शेवटच्या सेकंदाला निकामी होणार हे त्यांनाही ठाऊक असतं, त्यांना कुणी 'तेच तेच काय वाचता' असं विचारत नाही. आमच्या पुस्तकावर हार्ट दिसलं की लगेच भुवया वर.

तरी तुमच्या कसोटीला उतरणारं एक सांगते. रिबेका रॉसचं 'डिव्हाइन रायव्हल्स'. एकाच वर्तमानपत्रात, एकाच जागेसाठी झगडणारे दोघे तरुण. ती युद्धावर गेलेल्या भावाला पत्रं टाइप करते आणि कपाटाच्या दाराखालून सरकवते. पत्रं जातात भलत्याच्याच कपाटात, म्हणजे ह्याच्या. त्याला कळतं कोण लिहितंय, तिला कळत नाही. जादू म्हणाल तर दोन जुने टाइपरायटर आणि दोन कपाटं, बास. देवांचं युद्ध मागे चालू आहे, पण त्या देवांबद्दल मला काडीचं कुतूहल वाटलं नाही, मी फक्त पुढच्या पत्राची वाट बघत होते.

दुखरा_सांधा

'फोर्थ विंग'ला इथे हसणारे बरेच येतील, म्हणून आधीच लिहून ठेवते. माझे सांधे निखळतात. खांदा, मनगट, कधी नुसता अंगठा, तोही बरणीचं झाकण उघडताना. निदान व्हायच्या आधीची वर्षं 'हिच्या अंगात जीवच नाही' एवढ्यावर भागलं. व्हायोलेट सकाळी उठून गुडघे आणि घोटे पट्ट्यांनी बांधते. पुस्तकात आजाराचं नाव येत नाही, पण लेखिकेला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम (सांधे सैल पडण्याचा आजार) आहे आणि ती त्याबद्दल उघड बोलते. वाचताना ते कळतंच. पट्टी फार आवळली तर बोटं बधिर होतात आणि सैल सोडली तर उपयोग नाही, हे ज्याने रोज केलंय त्यालाच इतकं नेमकं दिसतं.

पुढे तिला ड्रॅगनच्या पाठीवर टिकता यावं म्हणून खोगीर मिळतं. माझी एक मैत्रीण म्हणाली, ही चीटिंग आहे, बाकीचे बिनखोगिराचे बसतात ना! मला बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळाला होता तेव्हा वर्गातल्या एकीने 'मग काय, मजाच आहे' म्हटलं होतं, त्याच सुरात. मी मैत्रिणीला म्हटलं, खोगीर मिळालं तरी ड्रॅगनवर तिलाच बसायचंय, तिची जादू असलेली वीज तिच्याच अंगातून जाणार आहे. तक्रार एकच. प्रेमप्रसंग रंगात आले की लेखिकेला तिचे सांधे फारसे आठवत नाहीत, असं मला वाटलं.

दहावीची_आई

मुलीने वाढदिवसाला सॅरा जे. मास हिचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' मागितलं. दुकानात ते किशोरांच्या कप्प्यात, शाळकरी मुलांच्या पुस्तकांना चिकटून ठेवलेलं. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, "फँटसी आहे मॅडम, हॅरी पॉटरसारखं." मी आधी स्वतः वाचलं. हॅरी पॉटरसारखं अजिबात नाही! २०१५ मध्ये ते पहिल्यांदा आलं तेव्हा किशोरांसाठी म्हणूनच विकलं गेलं, २०२० मध्ये प्रकाशकाने नवी मुखपृष्ठं घालून ते मोठ्यांच्या गटात नेलं. आपल्याकडचे कप्पे अजून २०१५ मध्येच आहेत. मालिका पुढे जाते तसे शय्यागृहातले प्रसंग वाढत जातात आणि त्यात काही हातचं राखलेलं नाही. मुखपृष्ठावर मात्र लहानसा इशाराही नाही.

मुलीला म्हटलं, बोर्डाची परीक्षा होऊ दे. ती म्हणाली, "आई, वर्गात सगळ्यांनी वाचलंय." बहुतेक खरंच असणार. गंमत म्हणजे आता मला वाटतं की तिने ते कधीतरी वाचावंच. पहिल्या भागात ज्याच्यासाठी नायिका जीव धोक्यात घालते, तोच दुसऱ्या भागात काळजीच्या नावाखाली तिला घरात कोंडून ठेवतो. आणि पुस्तक त्याला माफ करत नाही. आपल्या सिरियलींनी असल्या माणसाला शेवटपर्यंत हिरो ठेवला असता.

गुळाचा_खडा

त्याच मालिकेबद्दल : नायक पाचशे वर्षांचा, नायिका एकोणीसची. आमच्याकडे एका स्थळात नऊ वर्षांचं अंतर निघालं तर आत्याने घर डोक्यावर घेतलं होतं.

वऱ्हाडी_वाचक

राजेहो, सगळे अमेरिकेतच फिरून राहिले का? ताशा सुरी वाचा. 'द जॅस्मिन थ्रोन' २०२१ चं, त्याला वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळालं. मग 'द ओलिएंडर सोर्ड', आणि २०२४ मध्ये 'द लोटस एम्पायर'वर तिन्ही भाग पूर्ण. नायिका दोघी, प्रिया आणि मालिनी. होय, प्रेम त्या दोघींचंच. साम्राज्याचं नाव पारिजातद्वीप. सम्राट चंद्रला आपल्या बहिणीने, म्हणजे मालिनीने, धर्मासाठी चितेवर चढावं असं वाटते. ती नकार देते, म्हणून तो तिला एका पडक्या देवळात कैद करतो. तिथे मोलकरीण म्हणून येते ती प्रिया, जिच्या अंगात त्याच देवळातली जुनी शक्ती दडलेली आहे.

मी कसोटी लावून पाहिली. एकीला गादी पाहिजे, दुसरीला स्वतःची माती त्या गादीपासून सोडवायची आहे. जसजशी प्रियाची शक्ती वाढते तसतसं त्या दोघींना जवळ राहणं अवघड होत जाते. जादू आणि प्रेम एकाच दोरीला बांधलेत आणि दोर दोन्हीकडून ताणला जातो. शंभरपैकी शंभर.

सुरुवात मात्र संथ आहे, सांगून ठेवतो. माणसं भरपूर, प्रत्येक प्रकरण वेगळ्याच्या नजरेतून. मी दोनदा बाजूला ठेवलं होतं. पण इंग्रजी फँटसीत साडी, जाई, लाकडी जाळीच्या खिडक्या येतात आणि त्या परदेशी पाहुण्याला समजावून सांगितल्यासारख्या येत नाहीत, याचं सुख फार मोठं आहे.

चांदोबाकाका

पोरांनो, हे नवं नवं म्हणून जे चाललंय ते आपल्याकडे फार जुनं आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. सद्गुणी नायिका, शूर नायक, कपटी खलपुरुष, ताटातूट, संकटं, शेवटी मीलन. मराठी कादंबरी चालायला शिकली ती यांच्याच बोटाला धरून. पुढे हरिभाऊ आपटे आले, घरातल्या बाईचं दुःख कादंबरीत आलं, आणि अद्भुताला आपण हलकं मानायला लागलो. नाथमाधवांचं 'वीरधवल' तरीही आमच्या पिढीने चोरून वाचलंच.

पुतणीने आग्रह केला म्हणून यातल्या दोन-तीन वाचल्या. वेग आहे, कबूल. पण 'माझं हृदय धडधडलं, माझा श्वास अडकला' हे नायिका स्वतःच सांगत राहते, आपल्याला काही ताडायला ठेवतच नाही. वेताळ निदान गोष्ट संपली की प्रश्न विचारायचा. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल, बोललास तर मी पुन्हा झाडावर. या कादंबऱ्या मला प्रश्नच विचारत नाहीत. वऱ्हाडी वाचकांनी सांगितलेली विचारेल असं वाटतंय, ती मागवतो.

सातबारा

काका, तुमच्यासाठी आणि माझ्यासारख्या पन्नाशीच्या बायांसाठी टी. किंगफिशर! 'स्वोर्डहार्ट' २०१८ चं आहे, पण आता नव्या देखण्या आवृत्तीत परत आलंय, म्हणून इथे चालवून घ्या. नायिका हल्ला, वय छत्तीस, विधवा. नवऱ्याच्या चुलत आजोबांचं घर वर्षानुवर्षं सांभाळलं, म्हातारा जाताना सगळी इस्टेट हिच्या नावे करून गेला. झालं, नातेवाईक हजर. नवऱ्याच्या घामेजल्या हातांच्या चुलतभावाशी हिचं लग्न लावून इस्टेट घरातच ठेवायचा बेत, आणि ऐकत नाही म्हणून खोलीत कोंडलेली. हे वाचताना मला एकही नाव परकं वाटलं नाही. आमच्या घरात सही घ्यायला आलेले लोक अगदी असेच गोड बोलायचे, आधी तब्येतीची चौकशी, चहा, मग पिशवीतून अलगद कागद.

खोलीतल्या भिंतीवरची जुनी तलवार ती म्यानातून ओढते आणि तिच्यातून एक योद्धा बाहेर येतो. तलवार जिची तिचं रक्षण करायला तो बांधलेला. आता कसोटी बघा : ज्याची आपण कायदेशीर मालकीण आहोत, त्याच्यावर प्रेम करायचं तरी कसं? त्याने हो म्हटलं तर ते त्याचं हो की तलवारीचं? विनोदी पुस्तक आहे, पण हा प्रश्न ते टाळत नाही. नायिका अखंड बडबड करते, संकट आलं की जास्तच. मला ती आपली वाटली.

एडमंटनची_थंडी

इथे नोव्हेंबरपासून बाहेर बघवत नाही, म्हणून लायब्ररीच्या ॲपवर नंबर लावून 'एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज' घेतलं. लेखिका हेदर फॉसेट, आमच्या कॅनडाचीच. साल १९०९, केंब्रिजची एक तुसडी प्राध्यापिका पऱ्यांचा कोश करायला उत्तरेतल्या एका बर्फाळ खेड्यात जाते. सगळं तिच्या रोजनिशीतून, वर तळटीपा! तिला लाकडं फोडता येत नाहीत, शेकोटी पेटवता येत नाही, आणि गावच्या मुखियाबाईचा पाहुणचार नीट न घेतल्याने सगळं गाव रुसतं. मग तिचा सहकारी वेंडेल येतो, आयता, गोडबोल्या, दोन दिवसांत गाव खिशात.

शास्त्रज्ञबाई पऱ्यांची वर्गवारी करते आणि शेजारी बसलेला माणूस त्याच वर्गवारीत कुठे बसतो याचा तिला फार आधीपासून संशय असतो. इथे प्रेम म्हणजे निरीक्षण, नोंद, पुन्हा निरीक्षण. मोठमोठे उसासे नाहीत. दुसरा आणि तिसरा भागही आलाय, पण पहिल्यातला तो गावकऱ्यांचा रुसवा मला सगळ्यात आवडला. नव्या देशात आलेल्या प्रत्येकाने असा एकेक रुसवा ओढवून घेतलेला असतो.

कॅफेवाला

कोल्हापुरात छोटा कॅफे चालवतो, त्यामुळे ट्रॅव्हिस बाल्ड्रीचं 'लेजेंड्स अँड लाटेज' तिघांनी गिफ्ट दिलं. विव नावाची दणकट ऑर्क (फँटसीतली राक्षसासारखी जमात) बाई तलवार खुंटीला लावते आणि ज्या शहरात कॉफी कुणाला माहीतच नाही तिथे कॉफीचं दुकान काढते. लई गोड पुस्तक. फारच गोड. सुतार चांगला मिळतो, पहिल्याच झटक्यात असा बेकर मिळतो की दालचिनीच्या रोलसाठी रांग लागते, आणि उधारी कुणी मागत नाही! एक दिवस दूध नासलं असं तरी लिहायचं की.

पण एक गोष्ट पटली. गावातली दादा बाई हप्ता मागते आणि शेवटी तडजोड ठरते ती दर आठवड्याच्या रोलवर. असं होऊ शकतं. आमच्याकडेही एक साहेब रोख काही घेत नाहीत, फक्त येताना चौघांना घेऊन येतात. लव्हस्टोरी तिची आणि काउंटरवरच्या टँड्रीची, इतकी हळू की कधी सुरू झाली कळलंच नाही. ताईंच्या कसोटीत नापास, कारण जादू काढली तरी दुकान चालेल. मी मात्र पास करतो. ऑडिओ ऐका, लेखक स्वतः व्यवसायाने ऑडिओबुकवाचक आहे, आवाज कसलेला आहे.

लोकलवाली

सातबारा ताई, तलवारवाला घेतला! धागाकर्ती ताई, 'ऑनिक्स स्टॉर्म' सुरू करू का नको तेवढं सांगा. 'आयर्न फ्लेम'चं शेवटचं पान वाचून लटकलेय.

धागाकर्ती

सुरू करायचं असेल तर लटकायच्या तयारीने कर. मालिका एकूण पाच पुस्तकांची ठरलेली आहे, जानेवारी २०२५ मध्ये आलेलं हे तिसरं, आणि तेही मधेच दार लावून घेतं. नवी बेटं, नवी माणसं इतकी येतात की नकाशा उघडून बसावं लागतं. टेर्नचा खवचटपणा मात्र शाबूत आहे, माझे पैसे त्यानेच वसूल करून दिले. आधी तलवारवाला संपव. तो एकाच पुस्तकात पुरा होतो.