फवारलेल्या कपाशीत निंदण अन् गरोदर बायांची धास्ती : मदत हवी आहे

पाचव्या महिन्यातल्या दोन मजूर बायांना धास्तीनं झोप नाही. भीती खोटी नाही. 2017 चं यवतमाळ, फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले ते, कोण विसरलं? डब्यावरचा त्रिकोण पाहा (लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा), औषध कालवू नका, पूर्ण बाह्या घाला, कपडे वेगळे धुवा, हे सांगून झालं. अडते इथं : पानांवरचं औषध वाळलेलं दिसलं की मालक निंदायला बोलावतो. सकाळच्या दवानं तेच औषध पुन्हा ओलं होऊन हाताला लागते. लेबलवरचा थांबायचा काळ वाचतो कोण! टेली-मानस या सरकारी मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करायला घरचे राजी नाहीत.

रोजी न बुडवता बिनफवारणीचं काम द्यायला मालकाला कसं पटवलं कोणी? अन् "काल हात लागला, बाळाचं काय?" याला धीराचं, पण खरं उत्तर काय द्यावं?