वाइसमुलर: ५७.४, ५८.६ की ५९.०?

होटगीकर:
उन्हाळी पोहण्याच्या वर्गासाठी इथे सोलापुरात तलावावर लावायला १०० मीटर फ्रीस्टाइलच्या जुन्या विक्रमांचा फलक करतोय. जॉनी वाइसमुलरचे आकडे काही जुळेनात. जुलै १९२२ मध्ये ५८.६ सेकंद, फेब्रुवारी १९२४ मध्ये मायामीला ५७.४, आणि त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण ५९.० ला? १९२८ ला परत ५८.६. छपाईची चूक का ओ?

विजापूरवेस:
चारही आकडे बरोबर. विक्रम आणि ऑलिंपिक एका रकान्यात घातले, तिथे घोळ झालाय. १९५७ पर्यंत जागतिक विक्रम आखूड तलावातलाही मान्य व्हायचा, २५ यार्डांचासुद्धा. अशा तलावात १०० मीटर म्हणजे चार लेन्थ आणि वर साडेआठ मीटर, म्हणजे चार टर्न (भिंतीपाशी वळणं). तेव्हा टर्नला हात टेकवावाच लागे, आजची कोलांटी नव्हती. तरी भिंतीला पाय रेटून मिळालेला वेग फुकटचाच. पॅरिसचा तलाव ५० मीटरचा, टर्न एकच. फलकावर ‘तलावाची लांबी’ हा रकाना हवाच. तुमच्या मुलांचे वेळ २५ मीटरचे असतील तर जास्तच.

कन्नाचौक:
त्याच्या आधीचं तर आणखी वेगळं. १९०८ च्या ऑलिंपिकला लंडनच्या स्टेडियममधला तलाव १०० मीटर लांब. चार्ल्स डॅनियल्सचे १:०५.६ एकही टर्न न घेता. १९१२ ला स्टॉकहोमच्या खाडीत ड्यूक कहानामोकूचे १:०३.४, तेही सरळ. १९२० अँटवर्पला त्याचे दोन आकडे सापडतील, गोंधळू नका. अंतिम फेरीत १:००.४, हा विक्रम. मध्ये दोऱ्या नसल्यानं ऑस्ट्रेलियाच्या विल्यम हेराल्डनं अडथळ्याची तक्रार केली, शर्यत परत झाली, त्यात १:०१.४. पहिला ड्यूकच.

होटगीकर:
समजलं. मुलांचे वेळ दोन दशांशांत आहेत, मग ५८.६० असं लिहू?

विजापूरवेस:
नको. ते शून्य त्या घड्याळानं दाखवलेलंच नाही. तेव्हाच्या स्टॉपवॉचचा काटा सेकंदाच्या पाचव्या भागानं सरकायचा: .०, .२, .४, .६, .८. वरचे सगळे आकडे तपासून बघा, दशांश समच आहे. त्या काळच्या यादीत ५८.७ वगैरे दिसलं, तर लिहिण्याआधी दुसरीकडे पडताळा.