रिव्ह्यूअरचं नाव उघड असावं का?

कालिनावाली:
चौदा महिन्यांनी जर्नलने माझा पेपर नाकारून परत पाठवला. छापण्याआधी पेपर तपासणारे तज्ज्ञ म्हणजे रिव्ह्यूअर; त्यातल्या दुसऱ्याचा रिपोर्ट अडीच ओळींचा: 'नवीन काही नाही, इंग्रजी सुधारा.' नवीन नाही, तर आधी कुणी केलंय? अक्षर नाही. लोकलमध्ये ते वाचताना कुर्ल्याला उतरायचंच राहिलं. माझं मत पक्कं आहे: रिपोर्ट छापा, खाली सही घ्या. नाव लागणार म्हटलं की अडीच ओळींत कुणी उरकणार नाही. 'बीएमजे' हे ब्रिटिश वैद्यकीय जर्नल १९९९ पासून रिव्ह्यूअरचं नाव लेखकाला कळवतं, कुठे काय बिघडलं?

पवईकर:
चौदा महिने म्हणजे फारच झालं. पण सहीने रिपोर्ट सुधारतो हे कशावरून? त्याच बीएमजेने आधी दोन गट पाडून पाहिलं होतं. नाव कळणार होतं त्यांचे रिपोर्ट सरस निघाले नाहीत. उलट रिव्ह्यूला नकार देणारे २३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेले.
आणि आपल्याकडे माझ्या विषयात माणसं ती किती! ज्यांचा पेपर मी आज परत पाठवीन, तेच उद्या माझ्या मुलाखतीला समोर बसणार. मागे एका ज्येष्ठांच्या पेपरात मुख्य आलेख अवघ्या तीन नमुन्यांवर उभा होता. 'प्रयोग पुन्हा करा' असं सरळ लिहिलं. खाली नाव असतं तर 'शक्य झाल्यास', 'कदाचित' पेरत बसलो असतो, हे कबूल करतो.

माटुंगा_लॅब:
रिपोर्ट छापणं वेगळं, नाव छापणं वेगळं. 'नेचर' हे विज्ञान जर्नल जून २०२५ पासून नव्याने येणारे शोधनिबंध छापताना रिपोर्ट आणि लेखकांची उत्तरं सोबत देतं. नाव द्यायचं की नाही, हे रिव्ह्यूअर ठरवतो. मला हेच योग्य वाटतं. पण कालिनावाली, तुमचा पेपर परत आलाय. अशा ठिकाणीही छापून येतात ते स्वीकारलेल्या पेपरांचेच रिपोर्ट. तुमच्या अडीच ओळी तिथेही कुणाला दिसल्या नसत्या. शिवाय त्या पुढे पाठवणाऱ्या एडिटरचं नाव तर उघडच होतं ना?

कालिनावाली:
एडिटरचा मुद्दा लागला. तरी मग परत पाठवलेल्या पेपरांचे रिपोर्टही बाहेर येऊ द्या! 'एफ१००० रिसर्च' या ऑनलाइन जर्नलमध्ये पेपर आधी प्रसिद्ध होतो, मग नावानिशी रिव्ह्यू. नापसंतीसुद्धा सगळ्यांना दिसते. पुढचा तिथेच पाठवायचा होता. गाइड म्हणाले, फी कुठून भरायची?