एन्डोस्कोपीत इंटेस्टायनल मेटाप्लेजिया आलंय, पुढची दुर्बीण कधी करावी?

उन्हाळी_पाऊस:
नमस्कार मंडळी. जुने धागे चाळले, पण माझं उत्तर सापडलं नाही म्हणून नवा काढतेय.

वय ४८. वर्षभर जेवल्यावर पोट गच्च, ढेकरा, मधूनच जळजळ. सकाळी उपाशीपोटी एक पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) घ्यायची आणि दिवस ढकलायचा असं चाललं होतं. शेवटी महिन्यापूर्वी दुर्बीण करून घेतली. बायॉप्सीचा रिपोर्ट: "अँट्रममधून २ तुकडे. क्रॉनिक गॅस्ट्रायटिस, इंटेस्टायनल मेटाप्लेजिया. डिस्प्लेजिया नाही. एच. पायलोरी दिसला नाही." डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, तीन वर्षांनी बघू. दोन मिनिटांत मी बाहेर. घरी येऊन 'इंटेस्टायनल मेटाप्लेजिया' शोधलं, म्हणजे जठराचं अस्तर आतड्यासारखं होणं, क्वचित पुढे कर्करोगाकडे नेणारं, आणि झोपेचं खोबरं करून घेतलं.

दादा म्हणतो, दर सहा महिन्यांनी दुर्बीण कर. वहिनी म्हणते, रक्तातले कॅन्सर मार्कर काढून घे, सुंठीवाचून खोकला जाईल. जाणकारांनी सांगा, काय करू?

हिशेबनीस:
एवढं कशाला? मी दरवर्षी शौचातल्या रक्ताची फिट चाचणी करतो. वरपासून खालपर्यंत सगळ्या नळाची खबर मिळते. स्वस्त आणि मस्त.

काचपट्टी:
मी डॉक्टर नाही, पण उभा जन्म पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेला, त्यामुळे तुकड्यांबद्दल बोलू शकते.

आधी हिशेबनीस. फिट चाचणी रक्तातलं ग्लोबिन शोधते. जठरातून झिरपलेलं रक्त खाली येईस्तोवर त्यातलं ग्लोबिन पचून जातं. म्हणून ती मोठ्या आतड्यासाठी उत्तम, पण जठराबद्दल मुकी. दरवर्षी करताय ते चांगलंच आहे, तेवढ्यावर वरच्या मजल्याची खात्री मात्र धरू नका.

आता ताई, तुमचा रिपोर्ट. आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत तुकडा येतो तो जेमतेम तिळाएवढा. रिपोर्ट फक्त त्या तिळाबद्दल बोलतो, बाकी जठराबद्दल नाही. सिडनी पद्धत म्हणून एक रीत आहे. त्यात पाच तुकडे घेतात: दोन अँट्रममधून (जठराचा खालचा भाग), दोन वरच्या मुख्य भागातून, एक मधल्या वळणावरून. आणि खालचे व वरचे वेगळ्या बाटल्यांत पाठवतात. सगळे एकाच बाटलीत आले की कोणता कुठला हे आम्हालाही कळत नाही. तुमचे दोन्ही अँट्रमचे. मेटाप्लेजिया वर पसरलाय का, याचं उत्तर या कागदात नाहीच.

दुसरं, "एच. पायलोरी दिसला नाही" यावर मी तरी विसंबणार नाही. पॅन्टोप्राझोलच्या जातीची गोळी चालू असताना अँट्रममधला हा जंतू विरळ होतो, उरलासुरला वरच्या भागात सरकतो. शिवाय जिथे जठराचं अस्तर आतड्यासारखं झालंय, नेमकं तिथे तो नीट तग धरत नाही. म्हणजे शोधला तोही नको त्या जागी.

दोन गोष्टी सांगा. दुर्बिणीआधी गोळी बंद केली होती का? आणि आईवडील, भावंडं यांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला होता का?

उन्हाळी_पाऊस:
गोळी त्या दिवशी सकाळपर्यंत चालू होती, बंद करा असं कुणी म्हणालंच नाही.

आणि हो, बाबा. २० वर्षांपूर्वी जठराच्या कॅन्सरनेच गेले. कळलं तेव्हा यकृतात पसरला होता. फॉर्मवर घरच्या आजारांसाठी तीनच चौकटी होत्या, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार. तिन्हींपुढे "नाही" लिहून मोकळी झाले. डॉक्टरांनी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. आता हात थरथरतायत.

दुसरी_पाळी:
ताई, आधी एक श्वास घ्या. मी याच निदानासह नऊ वर्षं काढली आहेत आणि आत्ता चहा पीत हे टंकतोय.

हा प्रवास फार संथ असतो. आधी दाह, मग अस्तर विरळ होणं, मग मेटाप्लेजिया, मग डिस्प्लेजिया (पेशी बिघडू लागणं, कर्करोगाआधीची पायरी), त्यानंतर कर्करोग. बहुतेक माणसं मधल्याच स्टेशनावर जन्म काढतात. तुमच्या रिपोर्टमध्ये डिस्प्लेजिया नाही, म्हणून सहा महिन्यांच्या फेऱ्यांत काही अर्थ नाही. दादांना सांगा.

युरोपातल्या डॉक्टरांची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं मला माझ्या डॉक्टरांनी समजावली होती. बदल अँट्रमपुरता सौम्य असेल आणि दुसरी काही जोखीम नसेल तर नियमित दुर्बीण लागत नाही. एकाच भागात आहे पण घरात जठराचा कर्करोग झालाय, तर तीन वर्षांनी करण्याचा विचार करावा. वर-खाली दोन्हीकडे पसरला असेल तर दर तीन वर्षांनी. पसरलेलाही आहे आणि घरात इतिहासही आहे, तर एक-दोन वर्षांनी. म्हणजे तुमचे डॉक्टर चुकलेच असं नाही, फक्त त्यांच्याकडे अर्धी माहिती होती. ती जाऊन द्या.

पुढच्या वेळी किती वेळा यापेक्षा कशी होते ते बघा. माझी पहिली दुर्बीण घाईत उरकली होती, रिपोर्टात फोटो दोन. आता जिथे जातो तिथे आधी फेस मारणारं औषध पाजतात, आत चिकटलेला कफ धुऊन काढतात, सगळे कोपरे टिपतात. शेवटी एनबीआय म्हणून निळा-हिरवा प्रकाश लावतात. भूल हलकी होती म्हणून पडद्यावर मीही पाहिलं: अस्तराच्या सुरकुत्यांच्या कडेला फिकट निळी झाक, खिडकीच्या काचेवर धुकं धरावं तशी. डॉक्टर म्हणाले, हाच तुमचा मेटाप्लेजिया, आणि बरोबर तिथूनच तुकडा घेतला. साध्या प्रकाशात तीच जागा मला इतर जागेसारखी वाटली होती.

हा खटाटोप कशासाठी? कर्करोग अस्तरात किंवा त्याच्या लगेच खालच्या थरात असतानाच सापडला (१९६२ साली जपानी एन्डोस्कोपी तज्ज्ञांनी यालाच 'अर्ली' म्हणायचं ठरवलं) तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असतं. त्यातले काही तर पोट न उघडता दुर्बिणीतूनच सोलून काढतात.

काचपट्टी:
वरच्याला अनुमोदन. मार्करचं राहिलं. सीईए, सीए १९-९ सुरुवातीच्या कर्करोगात बऱ्याचदा नॉर्मल असतात, आणि इतर कारणांनीही वाढतात. नॉर्मल आले तर खोटा दिलासा, वाढले तर फुकटचा घोर. वहिनींना माझा नमस्कार कळवा.

जंतूचा निकाल मात्र आधी लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच त्याला पहिल्या गटातलं कर्करोगकारक ठरवलंय. श्वासाची चाचणी करा: पिशवीत फुंकायचं, युरियाचं द्रावण प्यायचं, अर्ध्या तासाने पुन्हा फुंकायचं. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खूण केलेला कार्बन श्वासात येतो. त्याआधी दोन आठवडे ही गोळी बंद हवी, अँटिबायोटिक चार आठवडे. जंतू निघाला तर उपचार संपल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून तो गेल्याची खात्री करायची. ही दुसरी चाचणी बरेच जण गाळतात. रक्तातल्या अँटिबॉडीवरून ती खात्री होत नाही, जंतू गेल्यावरही त्या रेंगाळतात.

आणि गिळताना अडकणं, काळं डांबरासारखं शौच, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं, यातलं काहीही झालं तर तीन वर्षं-बिर्षं विसरा, लगेच दाखवा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, तेवढ्याने घाबरू नका.)

उन्हाळी_पाऊस:
अपडेट. डॉक्टरांना जाऊन बाबांचं सांगितलं. आधी श्वासाची चाचणी, मग वरच्या भागाचेही तुकडे घेऊन नीट दुर्बीण, असं ठरलं. गोळी बंद करून चौथा दिवस. छातीत भट्टी पेटलीय!

दुसरी_पाळी:
गोळी सोडल्यावर आम्ल काही दिवस उसळी मारतं. मला पातळ अँटासिड चालेल म्हणाले होते, फक्त चाचणीच्या दिवशी नाही. तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि दादांची श्वासाची चाचणी झालीय का? बाबा त्यांचेही होते.

उन्हाळी_पाऊस:
हेच काल विचारलं त्याला. एरवी सल्ल्यांचा पाऊस, यावर गप्प. रात्री उशिरा मेसेज आला, "तुझ्या चाचणीच्या दिवशी माझंही नाव घाल."