भावाला नर्सिंगला जायचंय, घरून विरोध आहे. या क्षेत्रातल्या पुरुषांचा सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातल्या साखळीजवळच्या गावातले. धाकटा भाऊ यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाला. त्याला चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करायचं आहे आणि बांबोळीच्या सरकारी संस्थेत अर्ज भरायचाय. आई आणि मी त्याच्या बाजूने. बाबा आणि मोठे काका अजिबात ऐकत नाहीत. "एवढे मार्क घेऊन बायकांचं काम करणार? उद्या याला मुलगी कोण देईल?" हे काकांचं पालुपद.

काकांचं मी समजू शकते, बाबांचं नाही. गेल्या पावसाळ्यात कुळागरात (सुपारीच्या बागेत) घसरून बाबांचा खुबा मोडला. ऑपरेशननंतर अंग पुसायचं, लघवीची नळी बघायची, कपडे बदलायचे. सिस्टर आल्या की बाबा चादर घट्ट धरून "नंतर, नंतर" म्हणायचे. रात्रपाळीला एक ब्रदर (पुरुष नर्स) असत, त्यांच्याकडून मात्र सगळं करून घेत. वॉकर धरून पहिल्यांदा उभे राहिले तेही त्यांच्याच आधाराने. पडून राहिल्याने पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, उशी नेमकी कुठे सरकवायची, हे त्या ब्रदरनी भावाला नीट शिकवलं. घरी आल्यावर रात्री गजर लावून तो ते करत राहिला. बाबांच्या अंगावर एकही जखम झाली नाही. नर्सिंगचं त्याच्या मनाने तेव्हाच घेतलं. ज्याची सेवा घेताना बाबांना आधार वाटला, तोच पेशा मुलाने घ्यायचा म्हटल्यावर कमीपणा का वाटावा, हे मला खरंच कळत नाही.

आता प्रश्न. अभ्यासक्रमात प्रसूतिविभागाची पोस्टिंग मुलांनाही करावी लागते. काकांचा सगळा जोर याच मुद्द्यावर आहे. तिथे प्रत्यक्षात काय होतं? बाळंतिणी किंवा त्यांच्या घरचे नको म्हणाले तर मुलाचं शिकणं कसं पूर्ण करून घेतात? ज्यांनी ही पोस्टिंग केली आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावं. बाबांप्रमाणेच एखाद्या बाईला संकोच वाटला तर तो तिचा हक्कच आहे, हे भावालाही मान्य आहे.

दुसरं नोकरीचं. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत २०१९ पासून ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असा नियम झाला. लष्कराची नर्सिंग सेवा तर १९४३ च्या अध्यादेशापासून महिलांसाठीच उभी राहिली. गोव्यातल्या सरकारी आणि खासगी इस्पितळांत मुलांना कितपत वाव आहे? आयसीयू, कॅज्युअल्टी, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, मानसोपचार या विभागांत पुरुषांना घेतात असं ऐकते. पण तिथे पूर्ण नर्सिंग करायला मिळतं, की जड रुग्ण उचलायला आणि आक्रमक रुग्णाला धरायलाच बोलावतात?

काकांचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला, त्यामुळे तिकडचं सांगितलं की ते ऐकतात. १९१९ च्या कायद्याने तिथेही पुरुष नर्सांची नोंद वेगळ्या पटावर ठेवली होती आणि रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने पुरुषांना सभासद करून घेतलं ते थेट १९६० मध्ये. आज तिथे पुरुष नर्स हे नवल राहिलेलं नाही. हे सांगितल्यावर काका थोडे गप्प झाले. बाबांवर मात्र परिणाम नाही.

लग्नाचंही खरं काय ते सांगा. स्थळं बघताना अडचण आली का? आली असेल तर तीही लिहा, उगाच गोड चित्र नको. भावाला सगळं माहीत असूनच जायचं आहे.

डिचोली, साखळी किंवा वाळपई भागातले कोणी ब्रदर घरी येऊन बाबांशी अर्धा तास बोलायला तयार असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझं म्हणणं ते उडवून लावतील, पण वॉर्डात काम केलेल्या माणसाचं नक्की ऐकतील. अर्जाची मुदत जवळ आली आहे, म्हणून जरा घाई आहे.