मदत हवी आहे : जुन्या टायरवर नक्षी कोरायची कशी?

मेक्सिकोच्या कलाकार बेत्साबे रोमेरो यांचं काम कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का? झिजलेल्या टायरवर त्या स्पॅनिश लोक येण्याआधीची नक्षी कोरतात. शाई लावून टायर फिरवला की छापांचा लांबलचक पट्टा उमटतो. (१९९७ मध्ये तिहुआनात, अमेरिकेच्या सीमेलगत, त्यांनी जुनी फोर्ड रंगवलेल्या कापडाने मढवून आत सुकलेले गुलाब भरले होते. मला मात्र टायरच जास्त आवडतात.)

स्कूटरचा गुळगुळीत टायर मिळवलाय, पण लिनोची (छापासाठी लिनोलियमचा मऊ पत्रा कोरायची) हत्यारं रबरात अडकतात, कडा फाटतात. पंक्चरवाले काका म्हणतात, पातं तापवून कापा. कुणी केलंय का? किती खोल जायचं? आणि सुती कापडावर छापायला शाई कुठली, स्क्रीन प्रिंटिंगची चालेल?