‘सड्यावर’ की ‘पठारावर’?

कातळवाट (राजापूर)
माझ्या कथेत वाक्य होतं, ‘दुपारी गुरं सड्यावर गेली.’ संपादकांनी ते ‘पठारावर’ केलं. घाटावरच्या वाचकाला सडा म्हटलं की शेणसडा नाहीतर प्राजक्ताचा सडा आठवतो, म्हणून. मला हे पटलेलं नाही. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा जांभ्याचा उघडा कातळ. मे महिन्यात तिथे पाय भाजतात, पावसात डबकी साचतात, भादव्यात सीतेची आसवं फुलतात. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पंही अशाच सड्यांवरची. ‘पठार’ म्हटल्यावर यातलं काय उरतं?

घाटमाथा
बरंच उरतं. कासचं पठारही जांभ्याचंच आहे आणि सीतेची आसवं तिथेही फुलतात. नागपूरचा वाचक पहिल्याच ओळीत चुकीचं चित्र मनात धरून पुढे गेला, तर नुकसान कथेचंच. पात्राच्या तोंडी ‘गुरां सड्यार गेली’ खुशाल ठेवा, निवेदन मात्र सगळ्यांना कळेल असं हवं.

चिरेबंदी
कास हजार मीटरच्या वर. आमचा सडा थेट खाडीवर उतरतो, कडेला उभं राहिलं की गलबतं दिसतात. शिवाय कोकणात वरची जमीन सगळी एकच नसते. वरकसावर, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवर, नाचणी-वरी होते, सड्यावर नांगर चालतच नाही. शेतकरी हा फरक रोज करतो, मग लेखकाने तो का पुसायचा? वास्कोजवळ तर सडा नावाची वस्तीच आहे.

पानगळ
‘सडाफटिंग’मधला सडा म्हणजे एकटा, मोकळा. झाडं-माती नसलेल्या उघड्या कातळाला तोच शब्द लागला असावा, असा माझा तर्क.

घाटमाथा
तर्क छान आहे, पण नुसत्या उच्चारसाम्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. आणि ती ठरली तरी वाचकाची अडचण तशीच राहते.

कातळवाट
निवेदक त्याच गावचा आहे. पात्रांना सडा आणि त्याला पठार, ही फाळणी मला नको. तळटीपही नको, गोष्ट तिथेच थांबते. वाक्य असं केलंय: ‘दुपारी गुरं सड्यावर गेली. तापल्या कातळावरचे खूर खाली वाडीपर्यंत ऐकू येत होते.’ आता शेणसडा कोणाला आठवेल?

घाटमाथा
नाही आठवणार. या वाक्यात मीही ‘पठार’ मागणार नाही. पण हे दुसरं वाक्य आधी नव्हतं, म्हणजे संपादकांची शंका रास्त होती. त्यांनी शब्द बदलण्याऐवजी तुम्हाला विचारायला हवं होतं, एवढंच.

चिरेबंदी
‘एवढंच’ कसं? न विचारता बदललेले असे किती शब्द छापील मराठीत आलेच नसतील!